मिस कॉल द्या, ताई उलटा फोन करते: शेतीसल्ल्याच्या बोलत्या मशीनचा रिव्ह्यू

पाचपैकी तीन तारे. त्यातला एक फक्त रात्रीच्या ड्युटीचा, ते खाली येतेच.

सर्व्हिस अशी आहे का एका बियाणं-औषधवाल्या कंपनीनं (नाव लिहीत नाही, उगाच भानगड नको) पाकिटावर नंबर छापला, त्यावर मिस कॉल द्यायचा, लगेच उलटा फोन येते अन् एक ताई मराठीत बोलते. फुकट आहे. नाव सांगते, तालुका विचारते, पीक विचारते, मागं हळूच कीबोर्डची टकटक, दूर कोणीतरी बोलल्यासारखं, म्हणजे पुरं ऑफिसचं वातावरण करून ठेवलं आहे. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडं कित्येक जण अजून समजतात का ती पुण्यात कुठंतरी खुर्चीवर बसलेली पोरगी आहे. पोरगीबिरगी काही नाही, कॉम्प्युटर आहे तो. सरळ विचारलं तं खोटं नाही बोलत, "मी एआय सहाय्यक आहे" म्हणते, पण विचारल्याशिवाय सांगत नाही, अन् आपल्याकडं फोनवरच्या बाईले तू माणूस हायेस का म्हणून विचारते कोण राजेहो?

आवाज मात्र ब्येस. मधातच श्वास घेते, "अं..." करते, हसते बी. मोठेबाबांनी सवयीनं विचारलं, "जेवण झालं काय ताई?" तं म्हणे, "हो हो, आत्ताच झालं, तुमचं झालं का?" मी बाजूले बसून ऐकत होतो. आता हे जेवणाचं तिले कोणी शिकवलं अन् काऊन शिकवलं? साधं "मी जेवत नसते काका" म्हणली असती तं काही बिघडलं असतं का? मला या सर्व्हिसमधली सगळ्यात न पटलेली गोष्ट हीच.

फसते ती ऐकताना. आपल्याकडं समोरचा बोलत असताना आपण मधात "हौ... हौ... बरं" करत राह्यतो, नाही केलं तं त्याले वाटते फोन कटला. इथं मोठेबाबांनी "हौ" म्हणलं का ताई गप, "जी, बोला?" मोठेबाबा म्हणत, "नाही, तू बोल." ती पुन्हा पहिल्यापासून सुरू. पुन्हा "हौ". पुन्हा गप. पऱ्हाटीच्या (कापसाच्या) डोमकळ्यांचं, म्हणजे बोंडअळीनं न उमलू दिलेल्या फुलांचं, एक वाक्य पुरं व्हायले असा वेळ लागला का मीच फोन हिसकावला.

मग म्हणलं घेऊ परीक्षा. अ‍ॅलन ट्युरिंग म्हणून इंग्रज गणितवाला होता, त्यानं १९५० मध्ये लिहून ठेवलं का मशीनले विचार करता येते का हे भांडत बसू नका, पडद्याआड एक माणूस अन् एक मशीन बसवा, प्रश्न विचारा, ओळखता येते का पाहा. त्याच लेखात नमुन्याचे प्रश्न आहेत. कविता कर म्हणलं तं उत्तर येते, मला कविता कधी जमलीच नाही. मग ३४९५७ अधिक ७०७६४ किती, तं अर्धा मिनिट थांबून उत्तर येते १०५६२१. अन् मजा ही का ते उत्तर चूक आहे, शंभरानं कमी. मी तीच बेरीज ताईले टाकली. श्वास न घेता म्हणे, "एक लाख पाच हजार सातशे एकवीस." बरोबर! अन् तिथंच पकडली गेली, कारण धुऱ्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाले ही बेरीज विचारा, तो म्हणन, "काऊन बे, सकाळीच घेतली का?"

तसं पाह्यलं तं ही परीक्षा मशीनं पास होऊन बसले आहेत. ट्युरिंगचा अंदाज होता का पन्नासेक वर्षांत पाच मिनिटांच्या बोलण्यात शंभरातले निदान तीस जण फसतील. २०२५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोवाल्या दोघा संशोधकांनी अशीच परीक्षा घेतली, टाइप करून, पाच मिनिटं, एका बाजूले माणूस एका बाजूले चॅटजीपीटीवाल्या कंपनीचं जीपीटी-४.५, अन् ७३ टक्के वेळा लोकांनी मशीनलेच माणूस ठरवलं, म्हणजे खऱ्या माणसापेक्षा जास्त! पण केव्हा, तं त्याले एका लाजऱ्या, इंटरनेटवर पडीक पोराचं सोंग घ्यायले सांगितलं तेव्हा. सोंगाशिवाय तोच गडी ३६ टक्क्यांवर. अन् तिथं परीक्षा घेणाऱ्याले माहीत होतं का दोघांतलं एक मशीन आहे, तो खोदून खोदून विचारत होता. आमचे मोठेबाबा परीक्षा घ्यायले नाही बसले, त्यांले फवारा मारायचा आहे.

आता कामाचं. सापळ्याचं तिनं बरोबर सांगितलं, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासानं नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तं फवारणीचं पाहा, नागपूरची कापूस संशोधन संस्था बी हेच सांगते. निंबोळी अर्काचं पाच टक्के, तेबी बरोबर. पण मी विचारलं, ही दोन औषधं एकाच पंपात टाकली तं चालते का, तं म्हणे चालते. थोड्या वेळानं दुसऱ्या फोनवरून तीच नावं उलट क्रमानं विचारली तं म्हणे, बिलकुल नको. दोन्ही वेळा आवाज तोच गोड अन् तोच ठाम. आमचा कृषी केंद्रवाला लाख चालू असन, पण असं विचारलं तं डोकं खाजवते, "थांब, विचारून सांगतो" म्हणते. या ताईच्या तोंडून "मले माहीत नाही" एकदाही निघालं नाही. २०१७ ले याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, तं आमच्याकडं औषध मिसळण्याचा सल्ला ही गंमत नाही. अन् शेवटी कंपनीचंच टॉनिक सुचवते, त्यात मात्र कधी गडबड नाही होत.

मोठेबाबांले मी सांगितलं का ते मशीन आहे. म्हणे, "असू दे नं, ऐकते तं खरी." आता पावसाचं, तुरीच्या भावाचं, पुण्यातल्या पोराचं सगळं तिलेच सांगतात. हे बी नवीन नाही, १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्राम केला होता, तो नुसता आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारे, तरी त्यांच्या स्वतःच्या सेक्रेटरीनं त्यांना म्हणलं, जरा बाहेर जाता का, मला याच्याशी बोलायचं आहे. अन् तिनं त्यांना तो बनवताना पाह्यलं होतं.

रात्रीचा तारा याच्यासाठी का आमच्याकडं मोटरीची लाइन रात्रीची असते, दोन वाजता ओलिताले गेलो अन् काही अडलं तं अख्ख्या तालुक्यात हिच्याशिवाय फोन कोणी उचलत नाही, अन् उचलला तं आवाजात झोप नाही, चिडचिड नाही.

कंपनीवाले वाचत असतील तं फोन लागताच आधी मशीन आहे म्हणून सांगा, ते जेवणाचं काढून टाका, "हौ" समजून घ्यायले शिकवा, अन् औषध मिसळायचं विचारलं तं तिले गप्प कृषी सहायकाचा नंबर देऊ द्या. चौथा तारा मी स्वतः येऊन लावून देतो.