चमक पाहायची की चाल? सूत्रकृमीतल्या चॅपरोनची निवड

सी. एलिगन्स या सूत्रकृमीवर पहिलाच प्रकल्प आणि विषय चॅपरोन, म्हणजे इतर प्रथिनांची घडी नीट बसवणारी प्रथिनं. अशा वेळी निवड बहुधा तिघांत येऊन थांबते: एचएसपी-१६.२, एचएसपी-९० किंवा यूएनसी-४५.

बहुतेक जण पहिल्याकडे वळतात, आणि ते साहजिकच आहे. एरवी त्याचं जनुक जवळजवळ गप्प असतं. त्याच्या प्रमोटरला (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याला) जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेले कृमी तासभर ३५ अंशांत ठेवा, मग २० अंशांत परत आणा. दुसऱ्या दिवशी हिरवी चमक तयार. पण ही चमक म्हणजे धोक्याची घंटा वाजल्याची, उष्णतेला प्रतिसाद देणारी जनुकं चालू करणारं एचएसएफ-१ हे प्रथिन कामाला लागल्याची खूण. चॅपरोनने कोणतं प्रथिन सावरलं, ते त्यातून कळत नाही. शिवाय वय सांभाळावं लागतं. अंडी घालायला सुरुवात झाली, की काही तासांतच उष्णतेचा प्रतिसाद ढासळतो. एकाच प्लेटवर चौथ्या अवस्थेतल्या अळ्या आणि अंडी घालणारे प्रौढ मिसळले, तर आकडे वाया. (माझे गेले आहेत.)

एचएसपी-९० दुसऱ्या टोकाला. पेशीद्रवात या कृमीकडे ते एकच, त्यामुळे पूर्ण बंद केलं तर वाढच अडते. त्याचं जुनं नाव डॅफ-२१. त्यातल्या एका उत्परिवर्तनामुळे अन्न समोर असतानाही अळ्या डाउअर या तग धरण्याच्या अवस्थेत जातात. विषय मोहात पाडणारा, पण इतकी प्रथिनं त्याच्यावर विसंबून असतात की बिघाडाचं मूळ शोधताना घाम फुटतो. नवख्याने लांब राहावं.

माझं मत यूएनसी-४५ला. एचएसपी-९०च्या जोडीने ते मायोसिन या स्नायूंतल्या प्रथिनाची घडी बसवतं. त्याचं तापमान-संवेदी उत्परिवर्तन १९७४पासून माहीत आहे. १५ अंशांत वाढवलेला कृमी नागमोडी सरपटतो. २५ अंशांत वाढवलेला प्लॅटिनमच्या तारेने डिवचला तरी फारसा सरकत नाही. मात्र १५ अंशांत वाढ पुरी करून मग २५वर नेला, तर विशेष बिघडत नाही. चॅपरोनची खरी गरज स्नायू उभा राहताना असते. साधा सूक्ष्मदर्शक आणि दोन इनक्यूबेटर पुरतात. फक्त धीर हवा, कारण १५ अंशांत पिढी पुरी व्हायला २५ अंशांच्या जवळपास दुप्पट वेळ जातो.

प्रश्न मायटोकाँड्रियावरच्या ताणाचा असेल, तर मात्र या तिघांत अडकू नका. मायटोकाँड्रियातल्या एचएसपी-६ या चॅपरोनचा जीएफपी रिपोर्टर, म्हणजे त्याचं जनुक चालू झालं की चमकणारे कृमी, मागवा.