समुद्राकाठच्या लहान घरातलं जागा वाचवणारं फर्निचर: वापरानंतरचा अनुभव

घर लहान असलं की एकेका वस्तूला दोन-दोन कामं करावी लागतात, आणि घर समुद्राला लागून असलं की ती सगळी खाऱ्या हवेत करावी लागतात. हा अनुभव पाच गोष्टींचा आहे: भिंतीत मिटणारा दुहेरी पलंग, जिन्याखालचे खोल खण, खिडकीतली पेटीबैठक, भिंतीवरचं घडीचं टेबल आणि भिंतीच्या पोकळीत सरकणारं दार. पाचही रोजच्या वापरात आहेत आणि कोरडी हवा, दमट हवा, वादळी वारा हे सगळं त्यांनी पाहिलंय.

आधी निकाल सांगून टाकतो. पेटीबैठक आणि जिन्याखालचे खण बेधडक करावेत. पलंग जरूर घ्यावा, पण देखभालीची तयारी ठेवून. घडीचं टेबल चांगलं की वाईट हे सर्वस्वी त्याच्या बिजागरीवर ठरतं. पोकळीत सरकणारं दार मात्र समुद्राकाठी नको.

यामागचं कारण प्रत्येक वस्तूत पुन्हा पुन्हा भेटतं. जागा वाचवायची म्हणजे सामान भिंतीला, जिन्याला, खिडकीला चिकटवायचं. तसं केलं की त्याच्या मागे बंद पोकळी तयार होते. वाऱ्यासोबत येणारे मिठाचे बारीक कण त्या पोकळीत जाऊन बसतात आणि तिथे ना पाऊस पोहोचतो ना फडकं. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलं पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी धरायला लागतं. म्हणजे हवा आपल्याला कोरडी वाटत असतानाही धातूवर खाऱ्या पाण्याचा न दिसणारा थर असतो. पावसाने धुऊन निघणाऱ्या बाहेरच्या कठड्यापेक्षा पलंगाच्या आतला कोपरा आधी गंजतो तो यामुळेच. त्यामुळे कुठलंही घडीचं फर्निचर बघताना आम्ही दोनच गोष्टी आधी तपासतो: मिटल्यावर त्याच्या मागे हवा खेळते का, आणि तिथे हात पोहोचतो का.

आता पलंग. १५० × २०० सेंटिमीटरच्या गादीचा उभा मिटणारा पलंग बंद असताना ४० ते ४५ सेंटिमीटर खोलीचं कपाट होतो आणि उघडल्यावर भिंतीपासून साधारण २२० सेंटिमीटर पुढे येतो. पायथ्याशी चालायला ६० सेंटिमीटर सोडले तर खोलीत २८० सेंटिमीटर मोकळे हवेत. तेवढे नसतील तर आडवा मिटणारा एकेरी पलंग घ्यावा; ९० सेंटिमीटरच्या गादीला तो साधारण ११० सेंटिमीटरमध्ये बसतो.

पलंग उचलण्याचं काम दोन गॅस पंप करतात: दाबलेला गॅस भरलेलं नळकांडं आणि त्यात आत-बाहेर होणारा दांडा. पंपावर त्याचा जोर न्यूटनमध्ये छापलेला असतो आणि तो गादी व चौकट यांच्या वजनाशी जुळवलेला असतो. गादी बदलली की तो हिशोब मोडतो. हलकी गादी घातली तर पलंग जमिनीवर नीट टेकत नाही, माणूस उठला की पायथा वर येतो. जड घातली तर शेवटच्या वीतभर अंतरात पलंग आदळतो. तपासायची रीत सोपी आहे: अंथरुणासकट पलंग साधारण अर्ध्यावर आणायचा आणि खालून दोन्ही हातांचा आधार ठेवूनच पकड हळूहळू सैल करायची. तिथेच तोलून राहिला किंवा सावकाश सरकला तर पंप जुळलेले आहेत. सगळं वजन हातावर आलं तर एक पंप गेलाय असं समजावं. थंडीत पलंग जरा जड वाटतो, तो बिघाड नाही. तापमान १० अंश सेल्सिअसने उतरलं की पंपाचा जोर साधारण ३ ते ३.५ टक्क्यांनी उतरतो, एवढंच. आणि गादी काढून पलंग खाली ओढू नये. वजन नसलेली चौकट हातातून सुटली तर जोरात वर जाते आणि हनुवटीवर बसते.

समुद्राकाठी पंप निकामी होतो तो बहुतेक वेळा दांड्यावरून. चकचकीत दांड्यावर टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला की प्रत्येक उघडझापीत तो रबरी सील खरवडतो आणि हळूहळू गॅस निसटतो. म्हणून बसवतानाच बघावं की पलंग मिटलेला असताना दांडा खाली आणि नळकांडं वर आहे. आतलं थोडंसं तेल तेव्हा सीलवर राहतं. महिन्यातून एकदा दांडा मऊ फडक्याने पुसावा. ग्रीस लावू नये, त्याला वाळू चिकटते. पुसताना दांड्यावरून नख फिरवलं की खरखर लगेच कळते. ती लागली की दोन्ही पंप एकदम बदलायचे. एक नवा आणि एक जुना ठेवला तर चौकट पिळली जाते, मग बिजागरीकडचे स्क्रू ढिले होतात आणि दोष बिजागरीला दिला जातो. खाऱ्या हवेत आम्ही तर शक्य असेल तिथे वेटोळ्याच्या स्प्रिंगची यंत्रणा पसंत करू. तिच्यावरचा गंज डोळ्यांना दिसतो आणि वजनाप्रमाणे स्प्रिंगा कमीजास्त करता येतात.

कपाट भिंतीला कशाने पकडलंय हे बसवणाऱ्यासमोर उभं राहून बघावं. पोकळ विटेच्या भिंतीत साधा प्लास्टिकचा गट्टा हा भार धरत नाही. तिथे जाळीची नळी घालून केमिकल अँकर, म्हणजे भोकात भरलेल्या रसायनाने घट्ट बसणारा बोल्ट, लागतो. जिप्समच्या भिंतीत आतल्या चौकटीपर्यंत स्क्रू पोहोचायला हवा.

गादीला बुरशी लागते ती सवयीमुळे. उठल्या उठल्या पलंग मिटला की अंगाचा घाम गादीतच कोंडतो. तासभर पांघरूण बाजूला करून पलंग उघडा ठेवावा. गादीखाली सलग फळी असेल तर तिला ३० मिलीमीटरची भोकं १५ सेंटिमीटर अंतरावर पाडून घ्यावीत, किंवा सरळ ६-७ सेंटिमीटर फटी सोडून पट्ट्या ठोकाव्यात. कपाटाची पाठ भिंतीपासून २० मिलीमीटर सुटी ठेवली आणि खाली-वर तेवढीच फट ठेवली की हवा खालून शिरून वरून निघते. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या पलंगाला हे केलं नाही तर काळे ठिपके पहिल्याच दमट ऋतूत दिसतात.

जिन्याखालच्या खणांचं कौतुक करावं तेवढं थोडं, कारण तिथली जागा एरवी फुकटच जाते. पण चॅनेल, म्हणजे खण ज्यावर सरकतो ती धातूची पट्टी, विचारपूर्वक निवडायला हवं. बॉलबेअरिंगच्या साध्या चॅनेलवर जोडीमागे ४५ किलो वगैरे लिहिलेलं असतं, ते साधारण ४५ सेंटिमीटर लांबीचा खण धरून. जिन्याखालचा खण ८०-९० सेंटिमीटर खोल असतो. तो पूर्ण बाहेर ओढला की पुढचं टोक लोंबतं आणि गोळ्या एका जागी दाबल्या जाऊन खाच पडते. सगळ्यात टिकाऊ निघालेली रचना चॅनेलशिवायची आहे: खणाच्या तळाला ५० मिलीमीटरची चार न फिरणारी नायलॉनची चाकं आणि बाजूंना सरळ लाकडी पट्ट्या. वजन जमिनीवर जातं, खाली सांडलेली वाळू झाडून काढता येते, आणि अख्खा खण बाहेर ओढून मागची भिंत पुसता येते. चाकांचे आस तेवढे स्टेनलेसचे मागून घ्यावेत.

वरच्या लहान खणांना चॅनेल लागतंच. त्याचा आवाज ऐकायला शिकावं. कोरडी करकर म्हणजे वाळू, आवाज न करता जड ओढलं जात असेल तर गंज. साफ करायला खण बाहेर काढावा लागतो: पूर्ण ओढून दोन्ही बाजूंच्या काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्या दाबायच्या, बहुतेक चॅनेलमध्ये एक वर आणि दुसरी खाली. जुन्या दातांच्या ब्रशने वाळू झटकायची, गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, पूर्ण सुकू द्यायचं आणि मग टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे मारायचा. मशीनचं तेल घालू नये. तेल आणि वाळू मिळून जो लगदा होतो तो गोळ्या घासून काढतो. गंज सोडवणारा पातळ स्प्रे अडकलेलं सोडवायला ठीक आहे, पण तो उडून जातो. त्याच्या भरवशावर चॅनेल सोडलं तर थोड्याच दिवसांत पुन्हा तेच.

हँडल लावूच नयेत असं आमचं स्पष्ट मत झालंय. हँडलवरचं पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा भाजून बसवलेला रंग, स्क्रूच्या भोकापाशी फुटतं आणि तिथून पापुद्रे सुटायला लागतात. दाबून उघडणारे खटकेही नकोत. दमट दिवसांत फळी फुगते, फट मिटते आणि खटका दाबायला जागाच उरत नाही. त्याऐवजी खणाच्या वरच्या कडेला १०० × ३० मिलीमीटरची खाच कापून घ्यावी, कडा गोल घासून त्यांना दोन हात पॉलिश द्यावं. बोटं आत जातात आणि हवाही. ज्या खणांना अशी खाच आहे त्यांतल्या कपड्यांना कोंदट वास येत नाही, बंद खणांतल्या कपड्यांना येतो. एवढा साधा उपाय, आणि त्यात गंजण्यासारखं काही नाहीच.

पेटीबैठक याच न्यायाने उत्तम ठरली. उशीसकट ४५ सेंटिमीटर उंच आणि ५० सेंटिमीटर खोल. झाकण वर उचलायची रचना करू नये. उशा उचलायचा कंटाळा येऊन आतलं सामान विसरलं जातं. समोरून उघडणारे खण करावेत. खिडकीखालची भिंत घरातली सगळ्यात ओली भिंत असते, तिरका पाऊस तिथेच मुरतो, म्हणून पाठीमागे २५ मिलीमीटर मोकळी जागा आणि पाटाच्या मागच्या कडेला झडपेसारखी जाळी हवीच. प्लाय मरीन दर्जाचा घ्यावा आणि कापलेली प्रत्येक कड, न दिसणारीसुद्धा, सील करून घ्यावी. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, इथे वापरू नये. एकदा पाणी प्यायला की तो फुगतो, सुकल्यावरही मूळ मापावर येत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही.

घडीच्या टेबलाला माणशी ६० × ४० सेंटिमीटर धरावं, उंची ७५. लांबीभर पियानो बिजागरी लावली की वजन वाटलं जातं, पण तिची पिन लोखंडी असेल तर ती आतून गंजून जाम होते आणि मग स्क्रूच उपटले जातात. पितळी किंवा एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. स्क्रू फळीच्या जाडीत न मारता सपाट पृष्ठभागातून आरपार बोल्ट घालावेत.

सरकणाऱ्या दाराचा मोह समजण्यासारखा आहे. ७५ सेंटिमीटरचं साधं बिजागरीचं दार उघडायला साधारण ०.४४ चौरस मीटर जमीन अडवतं आणि लहान घरात ती फार मोलाची. पण दाराची पट्टी आणि चाकं भिंतीच्या आत, जिथे फडकं कधीच जाणार नाही. चाक अडकलं तर भिंत फोडायची वेळ येते. तेवढीच जागा भिंतीच्या बाहेरून, वरच्या पट्टीवर लोंबणारं दार वाचवतं. त्याला खाली फक्त एक लहान मार्गदर्शक खुंटी लागते, वाळू भरेल अशी खोबण नसते आणि चाकं स्टुलावर चढून पुसता येतात. आवाज आणि वास अडवण्यात ते कमी पडतं, हे मान्य करूनच घ्यावं. पोकळीतलंच हवं असेल तर एका बाजूची फळी स्क्रूने काढता येईल अशी करून घ्यावी आणि दाराच्या दोन्ही अंगांना ८ ते १० मिलीमीटर मोकळे ठेवावेत.

धातूबद्दल थोडं. स्टेनलेस म्हणून मिळणारं ३०४ समुद्राकाठी तपकिरी डाग धरतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला जास्त दाद देत नाही. लोहचुंबकाने हे दोन ओळखता येत नाहीत, दोन्हींना तो सहसा चिकटत नाही; त्यासाठी मॉलिब्डेनम दाखवणारा रसायनाचा थेंब टाकून बघतात. खरखरीत घासलेल्या पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत पॉलिश जास्त टिकतं. ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टेनलेसचा स्क्रू असेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर हवा, नाहीतर स्क्रूभोवती ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी होते.

दोन गोष्टी घरात आणूच नयेत. एक, कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे, निदान खणांत आणि कपाटांत तरी नकोत. त्यात साठणारं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त खारं असतं आणि डबा कलंडला की चॅनेल वाया जातं. सिलिका जेल वापरावं. दुसरी, फरशी आणि संडास धुण्याचं हायड्रोक्लोरिक ॲसिड. घर लहान, सगळं एकमेकांना लागून. त्याची वाफ दाराबाहेर येऊन जवळच्या बिजागऱ्यांवर बसते आणि चांगलं स्टेनलेससुद्धा ठिपक्याठिपक्यांनी खाते.

शेवटचं, पंपांची आणि चॅनेलची मापं कपाटाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावीत: पंपाच्या दोन टोकांच्या छिद्रांमधली पूर्ण लांबी, दांडा किती बाहेर येतो ते, आणि न्यूटनचा आकडा. पंपावरचं कागदी लेबल या हवेत फार दिवस टिकत नाही, आणि आकडा नसला की जुळणारा पंप शोधताना अंदाजाने दोनदोन जोड्या घ्याव्या लागतात.