कादंबरीचं हस्तलिखित वाचून रिपोर्ट देणारी सेवा: माझा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

माझी कादंबरी दोन वर्षांपासून मोबाईलमध्येच पडून होती, जवळपास ५५ हजार शब्द, त्यातली अर्धी तरी रात्रपाळीची लाईट यायची वाट पाहत वावरात बसून टाइप केलेली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात वाचून खरं सांगणारं कोणी नाही, मित्र दोन पानं वाचतात, लय भारी म्हणतात अन् मोबाईल परत देतात. म्हणून ही सेवा घेतली. ४,५०० रुपये, तीन आठवड्यांत ९ पानांचा रिपोर्ट अन् नंतर एकदा फोनवर बोलणं. नाव टाकत नाही कारण खाली एक तक्रार पण आहे अन् दोघंच जण मिळून हे काम चालवतात.

आधी कथा सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. बाबाराव म्हणून शेतकरी आहे, ४० क्विंटल कापूस घरात भरून ठेवतो, विकत नाही, बायको भांडते, जावई समजावतो, तरी विकत नाही अन् मार्चमध्ये त्या कापसाला आग लागते. आग हा माझा मोठा प्रसंग होता, तीन वेळा लिहिला होता, मला वाटलं रिपोर्ट लिहिणाऱ्या मॅडम त्याच्यावरच बोलतील. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "दादा, आग लागायला घरात कापूस पाहिजे म्हणून तुम्ही तो विकू देत नाही, हे कळलं. पण बाबाराव काहून विकत नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. जिद्दी आहे म्हणालो. त्या म्हणाल्या जिद्द हा स्वभाव झाला, कारण नाही, याच वर्षी अन् याच कापसावर जिद्द का आली ते सांगा.

हा एक प्रश्न माझ्यासाठी पूर्ण ४,५०० चा होता. कारण उत्तर माझ्या गावातच होतं अन् मी ते लिहिलंच नव्हतं. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० च्या वर गेला होता, आठवत असेल सगळ्यांना. ज्यांनी दिवाळीच्या खर्चासाठी आधीच विकून टाकला ते हात चोळत बसले अन् ज्यांनी ठेवला त्यांनी घरावर स्लॅब टाकला. मग २०२२-२३ मध्ये घराघरात कापूस भरून ठेवला लोकांनी, झोपायची खोली पण कापसानं भरली, लेकरांच्या अंगाला खाज, ठेवलेला कापूस वाळून वजन घटते ते वेगळं, अन् भाव काही तिथवर गेला नाही. आता बाबाराव त्यातलाच एक केला. आदल्या वर्षी त्यानं दिवाळीआधी विकला अन् लहान भावानं ठेवून दहाच्या वर घेतला, अन् पंगतीत भावानं सगळ्यांसमोर ते बोलून दाखवलं. बस. आता तो विकत नाही तं वाचणाऱ्याला राग पण येतो अन् समजते पण, अन् मला त्याला जिद्दी म्हणायची गरजच राहिली नाही.

अन् याच्यातून पुढचं आपोआप हललं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. पीक कर्ज ३१ मार्चच्या आत भरलं तरच तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही, ही तारीख आमच्या घरात लेकरांना पण पाठ असते, माझ्या कादंबरीत मात्र ती कुठंच नव्हती. आता आहे. फेब्रुवारीपासून प्रत्येक प्रकरणात बाबारावला एकीकडे भावाचे शब्द ओढतात अन् दुसरीकडे ती तारीख, अन् तो जे काही करते त्याच्यात त्याचं काहीतरी जातेच. आधी माझी मधली सात प्रकरणं नुसती भांडणाची होती.

खेडा खरेदीवाल्या, म्हणजे गावात येऊन कापूस घेणाऱ्या व्यापाऱ्याबद्दल पण त्यांनी असंच विचारलं. मी त्याला नुसता लुटारू केला होता. आता त्यानं जिनिंगवाल्याकडून (कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्याकडून) आगाऊ पैसे घेतलेत अन् आठ दिवसांत गाडी भरून द्यायची आहे, म्हणून तो रोज संध्याकाळी येऊन बसते, गोड बोलते. पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते त्याची.

आता तक्रार. रिपोर्टच्या आधी ते एक फॉर्म भरायला लावतात, प्रत्येक पात्राचं स्वप्न काय, बालपणीची जखम काय, असे रकाने. माझ्या सुमनबाईला, म्हणजे बाबारावच्या बायकोला, ते रकाने बसलेच नाहीत. तिनं पोरीच्या साक्षगंधात व्याह्यांना शब्द दिला आहे की लग्न याच वैशाखात करू, अन् पैसा कापसात अडकला आहे. हेच तिचं कारण, जखम शोधायला बालपणात कशाला जायचं? रिपोर्टमध्ये तिच्यासमोर 'प्रेरणा अस्पष्ट' लिहून आलं, फॉर्म पाहूनच लिहिलं असं वाटलं. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मधली कौतिक घ्या, १९६० ची कादंबरी, आपल्याच वऱ्हाडातली. नवरा साथ देत नाही अन् तिला संसार उभा ठेवायचा आहे, लेकरं जगवायची आहेत, एवढ्यावर पूर्ण कादंबरी चालते अन् आजही वाचताना सोडवत नाही. फोनवर हे बोललो तेव्हा मॅडमनी शांतपणे ऐकलं, सुमनबाईचं प्रकरण पुन्हा वाचलं अन् दोन दिवसांनी नवीन टिपण पाठवलं, ते चांगलं होतं. पण फॉर्म बदलायला पाहिजे, खेड्यातून लिहिणारे बाकीचे लोक गप्प बसून रकाने भरत असतील अन् पात्रांना खोट्या जखमा लावत असतील.

घ्यायची असेल तं दोन गोष्टी. पहिला खर्डा पूर्ण करूनच पाठवा, अर्धवटवर पैसे घालू नका. अन् फोनची वेळ रेंज असते तेव्हाची मागा, ते ऐकतात, माझं बोलणं ४० मिनिटांचं ठरलं होतं, दीड तास बोलल्या. माझी तूर निघाली की दुसरा खर्डा त्यांनाच पाठवणार आहे, यावेळी फॉर्मच्या रकान्यात सुमनबाईसमोर 'साक्षगंधातला शब्द' एवढंच लिहीन.