इन्व्हर्टरच्या पाठीवरचं बटण: पावसाळा आणि नाताळ काढल्यानंतरचा अनुभव

नाताळच्या आठवड्यात सर्व्हिसवाला आला आणि बॅटरीला मीटरसुद्धा न लावता निकाल देऊन मोकळा झाला. "सेल गेलाय. बॅटरी पाठवावी लागेल, दहा-पंधरा दिवस धरा. तोवर स्टँडबाय बॅटरी नाही मिळणार." वर्षाचीही न झालेली बॅटरी! त्याच रागात लिहायला बसलो होतो. पण नंतर जे कळलं त्यामुळे शिव्या त्याच आहेत, फक्त पत्ता बदललाय.

सामान नेहमीचंच. ९०० व्हीएचा (म्हणजे एका वेळी किती भार पेलतो त्याचं माप) साइन वेव्ह इन्व्हर्टर, १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे किती वीज साठते) टॉल ट्युब्युलर बॅटरी. घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या बाजूला. खरेदी मे २०२५ची, कारण त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच दारात येऊन उभा राहिला आणि लाईटीचा लपंडाव सुरू झाला. पुढे २२ सप्टेंबरला बॅटरीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. किती रुपये गेले याचा हिशेब मी केलेला नाही आणि बायकोलाही करू दिलेला नाही.

पावसाळ्यात मात्र वस्तूने मन जिंकलं. कागदावर १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास, त्यातले हातात बाराशेच्या आसपास येतात. साधा पंखा ७५ वॅट खातो. असे दोन पंखे, चार एलईडी आणि वायफायचा डबा म्हणजे सहा तासांत खेळ खल्लास. दोन्ही पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे लावले, ते तीस-तीस वॅटवर फिरतात. आता रात्री अकराला गेलेली लाईट सकाळी आली तरी कुणाला पत्ता नसतो. पैसे मोजकेच असतील तर मोठी बॅटरी घेऊ नका, पंखे बदला.

मग दिवाळी आली आणि गणित बिघडलं. लाईट फारशी जात नव्हती, तरी रात्री दहाच्या सुमारास इन्व्हर्टर टीं-टीं करून मान टाकायचा. सोमवार ते गुरुवार ठीक, शनिवार-रविवार हमखास बोंब. तक्रार नोंदवली, पुन्हा नोंदवली, मग वर सांगितलेला निकाल लागला.

बॅटरी पाठवण्याआधी बाजारपेठेतल्या बॅटरीवाल्या काकांना घरी आणलं. त्यांनी हायड्रोमीटर (आतल्या ॲसिडची घनता मोजायची नळी) घालून सहाही सेल तपासले. सगळे १२४०च्या आसपास, म्हणजे फुल चार्ज. "बॅटरीला काय धाड भरली नाही तुमच्या," ते म्हणाले. मग विचारलं, "हे शनिवार-रविवारीच होतं ना? संध्याकाळी बोलवा मला."

संध्याकाळी येऊन त्यांनी प्लगमध्ये मल्टिमीटर लावला. १६८ व्होल्ट. सुट्टीला पर्यटक येतात, आसपासच्या होमस्टेंचे एसी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज खाली बसतं. शेजाऱ्यांकडे बल्ब मिणमिणत का होईना, लाईटीवर चालू. आमच्याकडे लख्ख उजेड, पण सगळा बॅटरीचा! इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक बटण असतं. ते यूपीएस मोडवर असेल तर साधारण १८० ते २६० व्होल्टच्या मधलीच लाईट तो घेतो. त्याखाली गेली की त्याच्या लेखी लाईट गेली, आणि चार्जिंगही बंद. नॉर्मल मोडवर तोच इन्व्हर्टर १०० पासून २९० पर्यंत लाईट घेतो. बसवायला आलेल्या माणसाने ते यूपीएसवर ठेवून दिलं आणि ट्रॉली भिंतीला टेकवून चहा पिऊन गेला.

आता माझा सवाल. हे बटण पाठीमागे का? पुढे भलामोठा चालू-बंदचा खटका आहे, जो मी आजवर एकदाही दाबलेला नाही. आणि ज्यावर सगळा खेळ आहे ते तुरीच्या दाण्याएवढं, भिंतीकडे तोंड करून, स्क्रूड्रायव्हरच्या टोकानेच सरकणारं. तिथवर पोचायला पन्नास-साठ किलोची बॅटरी ट्रॉलीसकट ओढायची. पुस्तिकेत त्याबद्दल दीड ओळ आहे, तीही इंग्रजीत. ज्यांच्याकडे शहरासारखं २३० व्होल्ट येतं त्यांना हे बटण आयुष्यात लागणार नाही. खेड्यात मात्र बसवणाऱ्याला आधी ते दाखवायला लावा, मगच पैसे द्या.

नॉर्मल मोडचा तोटा एवढाच की लाईट जाताना क्षणभर झटका बसतो. पंख्याला काही होत नाही, पण मुलीचा डेस्कटॉप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. शिवाय इन्व्हर्टर काही व्होल्टेज वाढवून देत नाही, पडेल तेवढंच पुढे ढकलतो. फ्रीजला स्टॅबिलायझर वेगळाच हवा. पाणी सहा महिन्यांनी घातलं, डिस्टिल्डच. मेहुण्याने एसीचं पाणी सुचवलं होतं, पण त्याची बॅटरी तिसऱ्या वर्षी गेली, म्हणून ऐकलं नाही.

मोठ्या संकटाला मात्र याच्या भरवशावर राहू नका. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढलं, तेव्हा आमच्याकडेही खांब आडवे झाले आणि लाईट यायला कित्येक आठवडे गेले. तशा वेळी १५० एएच म्हणजे फार तर पहिली रात्र. विहिरीवरचा अर्धा एचपीचा पंप सुरू होताना जेवढा करंट ओढतो, तो ९०० व्हीएला झेपत नाही. त्यामुळे वादळाचा इशारा आला की आधी टाकी काठोकाठ भरायची, गाडीत मोबाइलचा चार्जर ठेवायचा, दुसरा सिलिंडर भरलेला असू द्यायचा. आणि घरात शंभर-दोनशेच्या नोटा ठेवायच्या. टॉवर पडला की यूपीआय बंद. वाण्याकडे उधारी चालते, पण ती माझ्या भावाला मिळते, मला नाही.