चावऱ्या, एकट्या बदकाचं काय करायचं: जोडीदार आणायचा की कळपात द्यायचं?

बदक धावून येतं, पोटरीला चोचीत धरून पिळतं, आणि घरातले म्हणतात, "माजलंय." बहुतेक वेळा ते माजलेलं नसतं, माजावर आलेलं असतं. एकटं वाढवलेलं पिल्लू माणसालाच आपल्या जातीचं समजतं (कलहंसाच्या पिल्लांमुळे प्रसिद्ध झालेले प्राणी-वर्तनाचे अभ्यासक कॉनराड लोरेन्झ यांनी १९३५ मध्ये हे सविस्तर मांडलं), आणि वयात आल्यावर जोडीदारही माणसांतच शोधतं. बदकाचं प्रेम म्हणजे मान धरून पाठीवर चढणं. तुमच्या पायाला पाठ नाही, त्यात तुमचा दोष नाही. दिवस मोठे होऊ लागले की हे वाढतं, पिसं झडायच्या काळात ओसरतं. एकटेपण मात्र बारा महिने तसंच राहतं.

आधी नर की मादी ते पाहा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मोठ्याने 'क्वॅक' ओरडते ती मादी. नराचा आवाज बसल्यासारखा घोगरा, आणि शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस. मस्कोवी जातीत हे पीस नसतं, तिथे नर फुसफुसतो आणि मादीपेक्षा बराच मोठा दिसतो.

मादी असेल तर घरीच ठेवणं सोपं. दुसरी मादी आणली की बऱ्याचदा भागतं. नर असेल तर एक मादी आणणं हा सगळ्यात सुचणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. सगळा जोर त्या एकटीवर निघतो, मानेची पिसं उपटली जातात, पाठ सोलून निघते. एका नरामागे चार-पाच माद्या लागतात. तेवढी जागा नसेल तर दुसरा नरच आणा. मादी नजरेस नसली की दोन नर सहसा नांदतात. कोंबड्यांची सोबत नराला नकोच, त्याच्या चढण्याने कोंबडी जबर जखमी होते. पिल्लू आणायचा मोहही टाळा. अंगावर पुरती पिसं यायला सात-आठ आठवडे लागतात, तोवर त्याला मोठ्या बदकाजवळ सोडता येत नाही. नवा पक्षी दोन ते चार आठवडे वेगळा, मग काही दिवस जाळीपलीकडे, मगच एकत्र. आणि हिशेब आठ-दहा वर्षांचा धरा: घाण, पाणी, आजारपण, सगळं दुप्पट.

कळपात देण्यात तुमची सोय आहेच, पण नराच्या बाबतीत मला बदकाचंही त्यातच जास्त हित दिसतं. सुरुवातीला तिथली बदकं त्याला टोचतील, ते कोपऱ्यात बसेल, दाराकडे बघेल. तेव्हा लगेच परत आणू नका. माणसावर धावून जायची खोड पूर्ण जाईलच असं नाही, पण हळूहळू त्याचं लक्ष पाण्याकडे आणि जातभाईंकडे वळतं.

अडचण खरी असते ती घर निवडण्याची. आधीच नर किती आहेत? रात्री बंद खुराडं आहे का? डोकं बुडेल इतकं पाणी आहे का? आणि संकोच न करता विचारा: खाण्यासाठी तर नेत नाही ना? फुकट बदक म्हटलं की हात पटकन पुढे येतात. तुमच्या बाजूने चावतं हे लपवू नका; लपवलंत तर आठवड्यात दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडेल. प्राणी-आश्रयस्थान चांगलं असेल तर तेही चालेल, फक्त फोनवर विचारताना "नर आहे" हे आधी सांगा. नकोसे झालेले नर सगळीकडेच जास्त असतात.

तळ्यावर सोडणं हा पर्यायच नाही. पाळीव जातींतली बहुतेक बदकं जड असतात, उडून निसटता येत नाही, आणि कुत्र्या-कोल्ह्याची भीती त्यांना कुणी शिकवलेली नसते.

द्यायचं ठरलं तर आठवडाभर पुरेल इतकं रोजचं खाणं सोबत द्या, आणि नाहीच जमलं तर परत घ्यायला येईन, असं आधीच सांगून ठेवा.