घरच्या पीसीला विकतचा अँटीव्हायरस का नुसता डिफेंडर? दोन्ही वापरून झाल्यावर

दिवाळीत पीसी घेतलेल्या दोघातिघांनी हेच विचारलं म्हणून लिहायलोय. मी लातूरला घरूनच पाचसहा दुकानांचे हिशोब बघतो, दिवसभर मेलवर बिलं, चलनं, एक्सेल फायली येतच असतात. तीन वर्षं विकतचा अँटीव्हायरस वापरला, त्यानंतर आजपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर.

आधी विकतच्याची बाजू सांगतो. तो मेल आउटलुकमध्ये उतरतानाच अटॅचमेंट बघतो, डिफेंडर फाईल सेव्ह केली किंवा उघडली की बघतो. ऐकायला फरक मोठा वाटतो पण फाईल उघडल्याशिवाय ती सहसा काही करत नाही, त्यामुळं मला तरी वापरताना काही जाणवला नाही. दुसरं म्हणजे ज्यानं बसवून दिला तो दुकानवाला फोन केला की घरी येतो, आमच्या अण्णांसारख्या माणसाला हा आधार लई मोठा आहे. पासवर्ड लावलेली झिप आली तर मात्र दोघंही सारखेच, आतलं कोणालाच दिसत नाही, आन् असले मेल पाठवणारे पासवर्ड मेलमध्येच लिहून देतात ते त्याच्यासाठीच.

माझं बिनसलं ते खिडक्यांवरून. लायसन संपायला दीड महिना असल्यापासून कोपऱ्यात रोज खिडकी, रिन्यू करा, मग पीसी स्लो झालाय ट्यून-अप घ्या, मग मोबाईलसाठी पण घ्या. उन्हाळ्यात आमच्याकडं लाईट दिवसातून तीनचारदा जाते, पीसी परत चालू केला की सगळ्या खिडक्या पहिल्यापासून. घरात सगळ्यांच्या हातालाच सवय लागली, काही आलं की न वाचता दाबून मोकळं व्हायचं. मग एक दिवस पोरीनं कॉलेजच्या नावानं आलेली 'फी पावती' उघडली, अँटीव्हायरसनं ती बरोब्बर पकडली होती, लाल खिडकी पण आली होती, पण तिला वाटलं ही रोजचीच, आन् तिनं 'चालू द्या' दाबलं. संध्याकाळी माझ्या तीन गिऱ्हाइकांचे फोन, तुमच्याकडून कसली पावती आलीय म्हणून. पीसी फॉरमॅट करावा लागला, बॅकअप बारा दिवसांपूर्वीचा, आन् एकेकाला फोन करून ती फाईल उघडू नका म्हणून सांगत बसलो. पोरीला मी एक शब्द बोललो नाही, तिची चूक नव्हतीच.

ही युक्ती काही नवी नाही. मे २००० मधला आय लव्ह यू वर्म (स्वतःच पसरत जाणारा व्हायरस) असाच आउटलुकच्या ॲड्रेस बुकातल्या सगळ्यांना स्वतःला पाठवायचा, फाईलच्या नावात शेवटी डॉट व्हीबीएस, म्हणजे उघडताच चालणाऱ्या प्रोग्रामची खूण, होतं पण विंडोज ते लपवायचं म्हणून ती साधी टेक्स्ट फाईल दिसायची. विंडोज अजूनही ते एक्सटेन्शन, म्हणजे नावाचं शेवटचं शेपूट, लपवूनच देतं, फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन 'फाईल नेम एक्सटेन्शन्स' आधी चालू करा, मग अँटीव्हायरस कुठलाही असो.

डिफेंडर विंडोज ८ पासून आतच येतो, दुसरा बसवला की आपोआप बाजूला होतो, त्यामुळं दोन्ही एकदम चालवायचा विचार करू नका. माझ्याकडं तो महिनेन् महिने गप्प असतो, आन् म्हणूनच बोलला की घरातले थांबून वाचतात. मला एवढं एकच कारण पुरलं. शिवाय आता बरंच काही त्याच्यापर्यंत येतच नाही, जीमेल ईएक्सई, जेएस असल्या प्रोग्राम चालवणाऱ्या फायली आधीच अडवतं, आन् नेटवरून आलेल्या ऑफिसच्या फायलीतले मॅक्रो (फायलीच्या आत लपलेले छोटे प्रोग्राम) मायक्रोसॉफ्टनं २०२२ पासून बंद ठेवायला सुरुवात केलीय.

पण त्याच्यात पण उणं आहे. जुन्या हार्डडिस्कवर फुल स्कॅन लागला की पीसी पार बसतो. अडलं तर फोन करायला माणूस नाही. विंडोज ७ वर कोणी असेल तर माझं हे सगळं त्याला लागू नाही, त्याचा सपोर्ट जानेवारी २०२० लाच संपलाय.

तुमचं बघून घ्या, पण मला विचारलं तर मी परत पैसे भरणार नाही. डिफेंडर ठेवला तर रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) प्रोटेक्शनमधलं 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' तेवढं हातानं चालू करा, ते अनोळखी प्रोग्रामला महत्त्वाच्या फोल्डरातल्या फायली बदलू देत नाही, पण बंदच येतं. चालू केल्यावर माझं हिशोबाचं सॉफ्टवेअर सेव्हच होईना, अर्धा तास कळलंच नाही कामून, मग त्याच पानावर त्याला परवानगीच्या यादीत टाकलं आन् सुरळीत झालं.