ॲपशिवाय स्टोरी बघतेय, काही महिन्यांचा अनुभव

फोनवरून इन्स्टाग्रामचं ॲप काढलं त्याला आता बरेच महिने झाले. खातं चालूच आहे. ओळखीच्यांच्या स्टोरी, म्हणजे २४ तासांत आपोआप जाणारे फोटो-व्हिडिओ, मी अजूनही बघते, पण ब्राउझरमधून. या विषयावर शोधायला गेलं की 'लॉगिनशिवाय, नाव न कळता स्टोरी बघा' छाप साईटच्या याद्याच समोर येतात आणि साधा रस्ता मागे पडतो, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

साधा रस्ता म्हणजे इन्स्टाग्रामची स्वतःची वेबसाईट. स्टोरी ऑगस्ट २०१६ मध्ये आल्या आणि पुढच्याच वर्षी वेबवर दिसायला लागल्या. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा, लॉगिन करायचं, मेनूमधून 'होम स्क्रीनवर जोडा' निवडायचं. आयकॉन तयार होतो आणि रोजच्या वापरात तेवढं पुरतं. वर गोल चित्रांची तीच रांग, बोट लावलं की स्टोरी सुरू. आवाज बहुतेक वेळा आधी बंद असतो, कारण ब्राउझर आपणहून आवाज वाजवू देत नाहीत. स्पीकरवर एकदा टॅप करावं लागतं. मला हे उलट आवडलं. चार माणसांत बसून स्टोरी उघडली तरी एकदम गाणं सुरू होत नाही.

'ॲप उघडा' अशी पट्टी अधूनमधून येत राहते, ती बंद करत राहायचं. काही परस्परसंवादी स्टिकर वेबवर नीट चालत नाहीत, पानं ॲपपेक्षा हळू सरकतात. पण जागा वाचते, पार्श्वभूमीत काही चालू राहत नाही, आणि संपर्क यादी किंवा लोकेशन मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय साईटला मिळत नाही. फायरफॉक्स वापरणाऱ्यांसाठी 'फेसबुक कंटेनर' नावाचं एक्सटेन्शन २०१८ पासून आहे. मेटाच्या (फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणारी कंपनी) साईट ते वेगळ्या कप्प्यात ठेवतं, त्यामुळे बाकीच्या ब्राउझिंगवर त्यांची नजर कमी पडते. संगणकावर मी तेच लावलं आहे.

खरी अडचण वेळेची. स्टोरी २४ तासांत जाते आणि मी नोटिफिकेशन बंद ठेवली आहेत, त्यामुळे दोन दिवस उघडलं नाही की काही स्टोरी हुकतात. ज्यांनी हायलाइटमध्ये, म्हणजे प्रोफाइलवर जपून, ठेवल्या त्यांच्या नंतर सापडतात, बाकीच्या गेल्या. सुरुवातीला हे खटकायचं. आता जिथे खरंच काही बघायचं असतं त्या माणसाच्या प्रोफाइलवर मी थेट जाते, आणि रांगेतल्या पुढच्या पुढच्या स्टोरी नुसत्या बघत बसणं आपोआप कमी झालं.

आता त्या निनावी साईटबद्दल. लॉगिन न करता चालतात म्हणून मी काही वापरून पाहिल्या. युजरनेम टाकायचं, थोडं थांबायचं, मग स्टोरी छोट्या चौकोनांत दिसतात आणि प्रत्येकाखाली डाउनलोडचं बटण. एका साईटवर पहिल्या टॅपला भलताच टॅब उघडून 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असा लाल इशारा आला, मागे येऊन पुन्हा टॅप केल्यावर चित्र दिसलं. दुसरीने आधी नोटिफिकेशनची परवानगी मागितली. आज चालणारी साईट पुढच्या आठवड्यात नुसती गोल गोल फिरत राहते, असंही झालं.

यामागचा प्रकार असा, की स्टोरी तुम्ही मागत नाही, त्या साईटचा सर्व्हर मागतो. म्हणून स्टोरी टाकणाऱ्याला दिसणाऱ्या, बघणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव येत नाही. पण तुम्ही कुणाला शोधलंत हे त्या साईटला कळतं, आणि तिथे कोण बसलं आहे हे तुम्हाला कळत नाही. शिवाय हे फक्त सार्वजनिक खात्यांपुरतं. खाजगी खात्याची स्टोरी मंजूर केलेल्या फॉलोअरलाच जाते, आणि फक्त 'क्लोज फ्रेंड्स' या निवडक मित्रांच्या यादीसाठी टाकलेली त्या यादीतल्यांनाच. 'खाजगी खातंही दाखवतो' म्हणत सर्वेक्षण भरायला लावणारी किंवा एपीके (स्टोअरबाहेरून ॲप टाकायची अँड्रॉइड फाइल) उतरवायला सांगणारी साईट तिथल्या तिथे बंद करा. इन्स्टाग्रामचा पासवर्ड मागणाऱ्या तिसऱ्याच ॲपला तर अजिबात थारा देऊ नका. २०१५ मध्ये इन्स्टाएजंट नावाचं ॲप असेच पासवर्ड बाहेर पाठवताना सापडलं आणि ॲपल व गूगल दोघांनीही ते आपल्या स्टोअरमधून काढून टाकलं.

निनावी बघणं मी सोडलं त्याचं आणखी एक कारण आहे. माझी मावसबहीण तिची चित्रं स्टोरीत टाकते, खातं सार्वजनिक आहे. एकदा बोलता बोलता म्हणाली, "ताई, तू हल्ली बघत नाहीस का? यादीत दिसत नाहीस." मी सगळी बघितली होती, निनावी साईटवरून. चित्र टाकल्यावर कोणी बघितलं हे ती आवर्जून पाहते, आणि ते तिला कळू नये असं माझ्याकडे काहीच कारण नव्हतं. तेव्हापासून तिच्या स्टोरी लॉगिन करून, नावानिशी बघते आणि आवडलेल्या चित्राला उत्तरही पाठवते. वेबवरून ते व्यवस्थित जातं.

मग ॲप कुणी ठेवावं? ज्यांना रोज स्वतः स्टोरी टाकायची आहे, गाणी, फिल्टर, स्टिकर लावायचे आहेत, त्यांनी जरूर ठेवावं. वेबवर ती सोय अगदीच तोकडी आहे. नुसतं बघायचं असेल तर ब्राउझर पुरतो, आणि मी तरी ॲप पुन्हा घेणार नाही.